आईच्या घरातला कोरा चहा

मळवली,
मार्गशीर्ष

प्रिय वसंता,

आज सकाळी आईनं मला सांगितलं, "वसंताला कळव. म्हनावं, सुमनला म्या पाठवली. माझ्या राजीखुशीनं पाठवली." एवढं बोलून ती पाटी उचलून गोठ्यात गेली. मी पडवीत उभीच राहिले. कुठं कळवू? पाकिटावर काय घालू? आणि तिच्यामागे जाऊन कोणत्या तोंडानं विचारू, की आई, तुला ठाऊक आहे ना ग?

विचारलं नाही. कागद घेतला आणि बसले. मधूनमधून ती दारातून डोकावते आहे. "झालं का?" म्हणते. "होतंय," म्हणते मी.

सुमनचं लग्न झालं, वसंता. तुझ्या सुमनचं. परवा, आंबीला, तिच्या भावाच्या अंगणात, चार माणसांत. माणूस तळेगावच्या दवाखान्यात कंपाउंडर आहे. पहिली बायको गेलेली. बोलायला शांत वाटला. हे वाचून (वाचतोस कुठं तू!) तुला राग येईल की हायसं वाटेल, मला कळत नाही. तुझी थोरली बहीण असून कळत नाही. एवढं तरी कुणाला सांगून जायचं होतंस.

सगळं लिहिते. पण ते लिहायचं तर तुझ्या त्या चहापासूनच सुरुवात करावी लागते.

आठवतं, पहिला डबा आणलास तेव्हाचं? जहाजाच्या इंजिनखान्यात लागल्यावरची ती तुझी पहिली सुट्टी. पत्र्याचा चौकोनी डबा, त्यावर ढगात बुडालेला डोंगर रंगवलेला, आणि सोबत मातीची तपकिरी किटली, मोठ्या लिंबाएवढी. "चिमनीचा संसार आनला जनू," आई म्हणाली होती. तू प्रवासानं आडवा झालेलास. उठल्याबरोबर लेकाला त्याचाच चहा द्यावा म्हणून तिनं पातेल्यात चांगला मूठभर टाकला. गवती चहाची पात टाकली, गूळ टाकला, वरून म्हशीचं दूध. मिऱ्यापेक्षा जरा मोठ्या त्या हिरव्याकाळ्या गोळ्या उकळीत सुटू लागल्या, फुगू लागल्या, एकेकीचं पान होऊ लागलं आणि बघता बघता पातेलं भरलं! आई डावानं खाली दाबतेय, पानं वर येतायत. तू डोळे चोळत आलास तर म्हणाली, "आरं वसंता, तुला फशिवलं त्या लोकांनी. ही भाजी हाय!"

तू हसत हसत भिंतीला टेकून खालीच बसलास. "आई ग, तेवढ्यात आमच्या भंडाऱ्याचा महिना निघाला असता!" भंडारी म्हणजे जहाजावरचा स्वयंपाकी, हे तेव्हा कळलं. तो म्हातारा चिनी होता आणि या चहाचं वेड त्यानंच तुला लावलं, हेही. पण पातेल्यातला तो चहा तू दोन पेले प्यायलास. "फक्कड झालाय," म्हणालास. आई अजून ते खरं मानते.

मला तू शिकवलंस ते तुंगार्लीला, माझ्या घरी, स्टोव्हवर. आमच्या मास्तरांचे बूट शाळेच्या वाटेला लागले की तू यायचास, आणि किटली खिशातून काढायचास. खरंच खिशातून!

"आधी नुसतं कढत पाणी घाल किटलीत. गार मातीत चहा जागा होत नाही. आता टाक ते." मग तळ झाकेल एवढीच पत्ती. वर पाणी, आणि घातल्याघातल्या ओतून द्यायचं. माझा जीव कळवळला. "अरे, पहिलाच रस फेकतोस?" "रस कुठला? पानाचं तोंड धुतलं, आक्का. एवढ्या लांबून आलंय." मग दुसरं पाणी, झाकण, आणि चार सावकाश श्वास. चार झाले की सगळं ओतायचं, शेवटच्या थेंबापर्यंत. पाणी पानावर राहिलं की कडू. पुढच्या पाण्याला एक श्वास जास्त, त्याच्या पुढच्याला आणखी. मी श्वास मोजताना धरूनच ठेवायची. तू ओरडायचास, "अग, सोड की! बुडतेयस का?"

कसं हसत म्हणाला होतास ते.

प्यायच्या आधी झाकणाचा वास घ्यायला लावलास. मला तो वास ओळखीचा वाटला. भाताच्या लोंबीत दूध भरतं ना, तेव्हा संध्याकाळी बांधावरून जाताना येतो, तो. मी सांगितलं तर तुझा चेहरा केवढा उजळला! आणि चव? पहिल्या घोटाला काहीच नाही. "हे तर गरम पाणी," म्हटलं मी. "थांब जरा." मग घशाखालून गोडी वर आली. आवळा खाऊन पाणी प्यावं तशी. तू सांगितलंस, लोहगडावर आणखी एक लोहगड ठेवला आणि त्यावर आणखी एक, की हा चहा पिकतो त्या बेटावरचा, डब्यावर रंगवलेला तो डोंगर. दिवसभर ढगात. थंडीमुळं पान सावकाश वाढतं, म्हणून असं जाड आणि गोड. चहाचं नाव ऊलाँग. मी तो शब्द शिकले खरा, पण घरात आम्ही सगळे "वसंताचा चहा" असंच म्हणायचो.

तुझा चहा मळवलीच्या घरात मात्र कधी झाला नाही. भाजीचा तो प्रकार सोडला तर नाहीच. कारण तू दूध घालू देईनास, आणि आई कोरा चहा घरात होऊ देईना. "कोरा चा मयताच्या घरी पित्यात. माझ्या घरात काय झालंय?" खरंच होतं तिचं. आपल्याकडे कुणी गेलं की त्या घरची चूल पेटत नाही. शेजारी कोऱ्या चहाची किटली भरून आणतात आणि घरच्यांना बळंच एकेक घोट पाजतात. तो काळा, कडू घोट गिळला म्हणजे माणूस गेला. आई सोळाव्या वर्षी तिच्या आईचा असा प्यायली, नंतर तुझ्यामाझ्या बाबांचा. तिसऱ्यांदा तिला ते भांडं घरात बघायचंच नव्हतं.

मग तू मागच्या पायऱ्यांवर बसून प्यायचास, स्टोव्ह अंगणात घेऊन. चीनशी लढाई होऊन गेलेली. शेजारचे शिवराम आबा कुंपणावरून ओरडले होते, "काय रं वसंता, चिन्यांचा चा पितुयास व्हय? पोलिसात देऊ का?" तू म्हणालास, "आबा, हा चीनचा नव्हे, पलीकडच्या बेटावरचा. त्यांचं आन् चीनचं आपल्यापेक्षा वाकडं हाय." आबांनी विचार केला. "आसं आसंल तर आन इकडं घोटभर." प्यायले आणि म्हणाले, "ह्यात चा टाकायचा इसरलास."

तुमचं लग्न झालं तेव्हा सुमन एकवीस-बावीसची असेल. तुला तिला तो चहा द्यायचा होता. मागच्या पायऱ्यांवर तू तिच्या हातात वाटी दिलीस आणि आईनं ती तिच्या ओठांपासून काढून घेतली. "नव्या नवरीला कोरा चा? काय डोस्कं फिरलं का तुझं?" सुमन घाबरून आत पळाली. तू दुसऱ्या दिवशी डबा आणि किटली घेऊन माझ्याकडे आलास. "राहू दे तुझ्याकडं. पुढच्या सुट्टीत तिला इथं घेऊन येतो, मग शिकवतो."

का नाही रे तेव्हाच शिकवलंस? तुंगार्ली काय लांब होती? लग्नानंतर एकच फेरी म्हणालास, आणि मग दुसऱ्या फेरीला गेलास. तिच्या वाट्याला तू किती आलास? दोन सुट्ट्या. त्यातली एक भातलावणीत गेली.

नंतरचं तुला ठाऊक नाही, ते सांगते.

जहाजाच्या कंपनीचा माणूस आला. वादळ झालं, जहाज कललं, अंधारात माणसं पाण्यात गेली. काही मिळाली, तू मिळाला नाहीस. माणूस उभ्या उभ्या बोलत होता आणि आई त्याला "बसा की, बसा की" म्हणत होती. तो गेल्यावर आबांच्या घरून किटली आली. तुझी थट्टा करणाऱ्या आबांनी स्वतः आणली. आईनं किटली त्यांच्या हातातून घेतली आणि उंबऱ्याबाहेर ठेवली. "आबा, दूध घालून आना, मंग पिते. माझ्या लेकाला काय झालेलं न्हाई. त्याला पवता येतं."

इंद्रायणीच्या डोहात पोहायचास तू. तिला समुद्र तेवढाच वाटत होता.

त्या दिवसापासून या घरात दुधाशिवाय चहा झाला नाही. म्हैस आटली तर उन्हातान्हात ती पार कार्ल्याच्या फाट्यापर्यंत दुधाला जायची. नाहीच मिळालं तर आम्ही चहाच प्यायचो नाही. दहावं नाही, तेरावं नाही. आणि सुमनचं कुंकू तसंच, मंगळसूत्र तसंच, हातात हिरवा चुडा. एक बांगडी फुटली तरी आई दुसऱ्या दिवशी कासाराकडे घेऊन जायची.

मला आधी वाटलं, बरंच झालं. तिचं कपाळ पुसलं नाही कुणी. पण वसंता, ते तसं नव्हतं. वटपौर्णिमेला आई तिला नटवून वडाला पाठवायची, आणि ती वडाशी गेली की बाकीच्या बायका आपापली ताटं उचलून दुसऱ्या बाजूला जायच्या. हळदीकुंकवाला कुणी बोलवायचं नाही. विधवांच्यात बसावं तर कपाळावर हे एवढं कुंकू. एकदा ती मला म्हणाली, "वन्सं, मी कुटं बसू ते एकदा कुनीतरी सांगा." आईपुढे मी तरी कधी तोंड उघडलं? "तो येनार हाय," आई म्हणायची आणि आम्ही दोघी खाली बघायचो.

अशी आठ वर्षं. तिशी उलटली तिची.

या भाऊबीजेनंतर तिचा भाऊ आला. कंपाउंडरांचं स्थळ त्यानंच आणलं. म्हणाला, "सात वर्सं उलटल्यात, कायद्यानं काय अडचन न्हाई. आमच्यात दुसरं लगीन चालतं. आत्याबाईंनी फकस्त हो म्हनावं." आई उठून भात झोडायला गेली. सुमन त्याला म्हणाली, "त्यांच्या होकाराबिगर मी न्हाई येनार." तो चिडला. "म्हातारी हो म्हननार न्हाई आन् तू येनार न्हाई. मंग मी हेलपाटे कशाला घालू?" महिन्याची मुदत देऊन गेला.

मग एक दिवस सुमन एकटी तुंगार्लीला आली. पायरीवरच म्हणाली, "वन्सं, त्यो डबा हाय का अजून?"

होता. तांदळाच्या कोठीत पुरून ठेवला होता मी, लोणावळ्याच्या ओलीनं बुरशी धरू नये म्हणून. उघडला तर वास जवळजवळ गेलेला. तूच सांगितलं होतंस ना, पत्ती दमटली तर कोरड्या भांड्यात अगदी मंद आचेवर हलवायची? तशी हलवली. खूप वेळ काहीच नाही. मग भाजल्या तांदळासारखा वास उठला. पहिल्यासारखा नव्हे, पण होता. मी तिला सगळं दाखवलं, तू दाखवलंस तसं. तळ झाकेल एवढी पत्ती, तोंड धुणं, चार श्वास. तिनं एकदा केला, नीट केला, पण प्यायली नाही. "हितं न्हाई. तिकडं करीन. आत्याबाईंच्या म्होरं."

मी म्हटलं, "सुमन, आईच्या जिवाला लागेल ग."

"माझ्या जिवाला काय लागतंय ते आठ वर्सं कुनी इचारलं?" म्हणाली. मग लगेच माझा हात धरला. "तुमाला न्हाई बोलले वन्सं."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गाडीनं मळवलीला आलो. आई खळ्यात होती. सुमननं चूल पेटवली, किटली धुतली, पहिलं पाणी परसात ओतलं. आई हातपाय धुऊन आली तेव्हा पडवीत तिच्या पुढ्यात वाटी ठेवलेली.

आईनं वाटीत बघितलं. "दूध?"

"न्हाई घातलं, आत्याबाई."

"मांजरानं सांडलं का?"

"न्हाई. दूध शिंक्यावर हाय. घातलं न्हाई."

मी दाराला धरून उभी होते. वाटलं, आता वाटी उंबऱ्याबाहेर जाणार. आईनं ती उचलली, उजेडाकडं धरली. कितीतरी वेळ तशीच धरून बसली. मग म्हणाली, "मयताला आनत्यात तो काळा आसतो. ह्यो पिवळा हाय."

आणि प्यायली.

"भाजीसारखा न्हाई लागत," एवढंच बोलली.

सुमननं तिला दुसऱ्यांदा दिला. स्वतःलाही घेतला. तुझी बायको तुझा चहा पहिल्यांदा प्यायली, वसंता, आणि तू नव्हतास! तिसऱ्यांदा दिला. आईनं विचारलं, "अजून निघतंय?" "निघतं. रंग हाय तवर." चौथा, पाचवा. मग ओतलेलं पाणी पाण्यासारखंच आलं. सुमन परत आधण ठेवायला उठली तर आईनं तिचा पदर धरला. किटली पुढ्यात ओढली, दोन बोटांनी आतलं एक पान काढलं आणि तळहातावर पसरलं. देठासकट आख्खं पान होतं. तिनं ते उलटंपालटं करून बघितलं.

"पानीच राह्यलं ग आता," म्हणाली. "किती दिस घालशील? बास कर." मग आमच्याकडं न बघता, "तुझ्या भावाला निरोप धाड."

सुमन तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. आई रडली नाही. तिच्या केसातलं भाताचं कूस काढत बसली.

वाटलं, सुटलं सगळं. पण नाही सुटलं. निघायच्या दिवशी सुमनचा भाऊ हळूच म्हणाला, "आत्याबाई, चुडा हितंच उतरवायचा का? रीत हाय तशी." आई कडाडली, "हात लावायचा न्हाई! सवाष्ण आनली, सवाष्णच जाईल." स्वतः तिची ओटी भरली, नारळ दिला, माझ्या लग्नातल्यासारखं पाठीवरून हात फिरवत दारापर्यंत गेली. आबांच्या सुना कुंपणाशी कुजबुजत होत्या. नवरा जिता म्हणते आणि बायकोला दुसऱ्याच्या घरी धाडते, ही म्हातारी आहे तरी कशी? मला त्यांचा राग आला. आणि खरं सांगू? माझ्याही मनात तेच होतं. तिनं तुला सोडलं की तुला धरून ठेवून फक्त सुमनला सोडलं? त्या वाटीतला चहा पिवळा होता म्हणून ती प्यायली, की प्यायचा होता म्हणून तिला पिवळा दिसला? मी तिच्या पोटची पोर. मला सांगता येत नाही.

लग्नाहून परत आल्यावर आईनं दूध घालून चहा केला. माझ्यापुढं पेला ठेवला. रात्री अंथरुणावर म्हणाली, "घर लय मोटं झालं ग." आणि आज सकाळी उठून, "वसंताला कळव."

सुमनच्या डोळ्यांत परवा काय होतं माहीत आहे? भीती होती. तिचा नवरा तिच्याशी काहीतरी साधंच बोलला, गाडीची वेळ की काय, आणि ती दचकली. आठ वर्षं कुणी तिच्याशी असं जाता जाता बोललंच नव्हतं. ती तिथं रुळेल का? मला ठाऊक नाही. माझ्या गळ्यात पडून कानात म्हणाली, "वन्सं, तुमी येनार ना? का आता तुमचं-माझं नातं न्हाई?"

आता ज्यासाठी बसले होते ते लिहिते. आई गोठ्यात आहे तोवर लिहिते.

तू गेलास, वसंता. पाण्यात गेलास, फार लांब, आणि आमच्यापैकी कुणी तिथं नव्हतं. आठ वर्षांत हे वाक्य मी कुणापाशी बोलले नाही. आमच्या मास्तरांपाशीसुद्धा नाही. आई ऐकून घ्यायची नाही म्हणून नव्हे, माझीच जीभ उचलत नव्हती. तुझ्यापाशीच पहिल्यांदा बोलते आहे. तुला वाईट नाही ना वाटलं?

मी सुमनकडे जाईन. नातं काय म्हणून, ते आम्ही दोघी ठरवू. तिथं तुझं नाव मी आधी काढणार नाही. तिनं काढलं तर ती थांबेपर्यंत ऐकेन, आणि नाहीच काढलं कधी, तरी मनात धरणार नाही. हे तुला वचन.

आणि दुसरं. हे पत्र मी आईसमोर पाकिटात घालीन, डिंक लावीन, आणि टाकून येते म्हणून निघेन. महिन्या-दोन महिन्यांनी ती विचारील, वसंताचं उत्तर आलं का. तिच्यापुढे ते वर लिहिलेलं वाक्य मी कधीही उच्चारणार नाही, आणि तिलाही उच्चारायला लावणार नाही. तिचा हात हातात घेईन आणि म्हणेन, "अजून नाही आलं ग."

तुझी,
आक्का